राज्याबाहेरचा दौरा: बिलाचे भवितव्य टिपणीत ठरते

गुरुवारी दुपारी दिल्लीहून ई-मेल येतो. सोमवारी सकाळी अकराला कृषी भवनात आढावा बैठक आहे, संबंधित अधिकाऱ्याने माहितीसह हजर राहावे. साहेब त्यावर ‘तुम्ही जाऊन या’ असा शेरा मारतात आणि अर्ध्या तासात तिकीट निघते. टिपणी? ती शुक्रवारी, जमली तर. बैठक होते, माणूस परत येतो, प्रवास भत्त्याचे (टीए) बिल जाते आणि महिन्याभराने त्रुटी लागून परत येते: राज्याबाहेरील दौऱ्यास सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता जोडलेली नाही. मग साहेबांची बदली झालेली असते, नवे साहेब म्हणतात, हा दौरा माझ्या काळातला नाही, आणि खिशातून गेलेले पैसे वर्षअखेरीपर्यंत खिशाबाहेरच राहतात.

अशी बिले कोषागार अडवते, असे आपण सर्रास म्हणतो. बहुतेक बिले त्याच्या कितीतरी आधी, टिपणी लिहितानाच, किंवा ती न लिहिल्यामुळे, अडकलेली असतात. म्हणून हा लेख बिलापेक्षा टिपणीबद्दल जास्त आहे.

आधी मुळाशी जाऊ. फिरती हा सरकारी नोकरीचा भागच आहे. तलाठ्याने सज्जात, तहसीलदाराने तालुक्यात, जिल्हाधिकाऱ्याने जिल्ह्यात फिरायला दर वेळी कुणाची परवानगी घ्यावी लागत नाही. दौऱ्याचा कार्यक्रम आणि दैनंदिनी पुरते. कार्यक्षेत्राबाहेर पाऊल टाकायचे तर मात्र मंजुरी लागते. नियमांचा गाभा इतकाच आहे. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यासाठी राज्याची हद्द ही कार्यक्षेत्राची शेवटची रेघ. तिच्यापलीकडे त्याच्या पदाला कसलेही काम आपोआप चिकटलेले नसते. म्हणूनच ते काम कोणते आणि ते त्यानेच का करायचे, हे कुणीतरी वरच्याने कागदावर मान्य करावे लागते.

केंद्राच्या कर्मचाऱ्याचे गणित वेगळे आहे. त्याला राज्याची सीमा आड येत नाही, नेमून दिलेले कार्यक्षेत्र आड येते. टपाल खात्याच्या महाराष्ट्र परिमंडळात गोवाही येतो. त्यामुळे मुंबईच्या परिमंडळ कार्यालयातला अधिकारी पणजीला गेला तर तो आपल्याच परिमंडळात असतो. पण सावंतवाडीच्या महसूल कर्मचाऱ्याने बांद्याचा नाका ओलांडून पेडण्यात सरकारी कामाला पाय ठेवला, की तो राज्याबाहेर गेला. अंतर किती, हा प्रश्नच नसतो. चंदगडहून बेळगाव, देगलूरहून बिदर, गोंदियाहून बालाघाट ही सगळी जवळची गावे, पण कागदावर परराज्य. ‘एवढ्याशा अंतराला काय मान्यता घ्यायची’ हे वाक्य ज्यांच्या तोंडी असते, त्यांचीच बिले हटकून परत येतात.

उलटा प्रकारही आहे. जायचे राज्यातच असते, पण वाट परराज्यातून जाते. सिरोंच्याला जाणारे कित्येक जण तेलंगणात मंचेरियलला गाडीतून उतरतात. मुक्कामाचे ठिकाण राज्यातले असेल तर तो राज्याबाहेरचा दौरा नव्हे, पण दौरा कार्यक्रमात ‘मार्गे मंचेरियल’ हे दोन शब्द आधी लिहिलेले बरे. नाहीतर तपासणाऱ्याला तिकिटावर परराज्यातले स्थानक दिसते आणि पत्रव्यवहार सुरू होतो. नवापूरचे रेल्वे स्थानक तर अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. तिथे फलाटावर चहा प्यायला मान्यता लागत नाही, एवढे मात्र खात्रीने सांगतो.

मान्यता देणार कोण? रजा मंजूर करणारे साहेबच दौराही मंजूर करतील, हा गैरसमज सर्वत्र आहे. जिल्ह्याबाहेरचा, विभागाबाहेरचा आणि राज्याबाहेरचा दौरा मंजूर करणारे अधिकारी वेगवेगळे असू शकतात, आणि राज्याबाहेरच्या दौऱ्याची नस्ती बहुधा विभागप्रमुखाकडे किंवा मंत्रालयातल्या प्रशासकीय विभागाकडे चढते. नेमके कुठपर्यंत, हे प्रत्येक विभागाच्या अधिकार प्रदान आदेशात असते. त्या आदेशाची एक प्रत आपल्या कार्यासनात ठेवा. प्रवास भत्त्याचे मूळ नियम मुंबई नागरी सेवा नियम, 1959 मधले आहेत. 1981 मध्ये वेतन, रजा, निवृत्तिवेतन यांचे नवे महाराष्ट्र नागरी सेवा नियम आले, तरी प्रवास भत्ता जुन्याच पुस्तकावर आणि त्यावरच्या वित्त विभागाच्या शासन निर्णयांवर चालत राहिला. खर्चाचे अधिकार कुणाला किती, हे वित्तीय अधिकार नियमपुस्तिका, 1978 मध्ये सापडते. जिल्हा परिषद, महापालिका, महामंडळे आणि विद्यापीठे यांची व्यवस्था आपापली. तिथल्या मंडळींनी शासनाचे आदेश जसेच्या तसे आपल्याला लागू आहेत असे धरून चालू नये. आपल्या संस्थेने ते स्वीकारले आहेत का, हे आधी लेखा शाखेला विचारावे.

आता टिपणी. नेहमीची टिपणी अशी असते: ‘उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, दिल्ली येथे आयोजित बैठकीस उपस्थित राहणे आवश्यक आहे. तरी दौऱ्यास मान्यता असावी, ही विनंती.’ व्याकरण ठीक आहे, आदबही आहे, पण मंजूर करणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. बैठक कुणी बोलावली? कोण जाणार? किती दिवस? कशाने? पैसे कुठल्या शीर्षातून? तो नस्तीवर ‘चर्चा करावी’ लिहितो आणि नस्ती खाली येते. एक दिवस गेला.

तीच टिपणी अशी लिहून पाहा. समजा, पाणीपुरवठा योजनेचे पंप कोईमतूरच्या कारखान्यात तयार आहेत आणि ते पाठवण्यापूर्वी तिथे जाऊन तपासायचे आहेत. ‘निविदेतील अटीनुसार पंपसंचांची कारखान्यात तपासणी केल्याशिवाय पुरवठा स्वीकारता येत नाही. पुरवठादाराने तपासणीसाठी अमुक तारखेचे पत्र दिले आहे (पृष्ठ 41). चाचणीला दोन दिवस लागतील. तपासणी अहवालावर स्वाक्षरी करण्यास उपअभियंता (यांत्रिकी) सक्षम असून त्यांनी जाणे प्रस्तावित आहे; सोबत अन्य कर्मचारी नाही. प्रवास रेल्वेने, पात्र वर्गाने. मुख्यालय सोडणे रविवारी रात्री, परत शुक्रवारी सायंकाळी. चाचणी प्रत्यक्ष पाहून मोजमापे घ्यावयाची असल्याने दूरदृश्य प्रणालीद्वारे काम होणार नाही. अंदाजे खर्च तक्त्यात दिला आहे. देशांतर्गत प्रवास खर्च या उद्दिष्टाखाली तरतूद शिल्लक आहे. अनुपस्थितीत कार्यभार अमुक पदाकडे राहील. मान्यतेस्तव सादर.’ एवढे लिहायला दहा मिनिटे लागतात. अशा टिपणीवर सही करताना वरिष्ठाला प्रश्न पडत नाही, आणि पुढे लेखापरीक्षकालाही पडत नाही, कारण तो विचारणार असलेल्या प्रत्येक गोष्टीचे उत्तर दौऱ्याच्या आधीच्या तारखेने नस्तीत बसलेले असते.

त्यातल्या एका ओळीकडे नीट बघा: दूरदृश्य प्रणालीची. पूर्वी हा प्रश्न नव्हता. केंद्राने 29 ऑक्टोबर 2014 च्या काटकसरीच्या सूचनांमध्ये बैठकांसाठी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर भर दिला आणि कोविडनंतर तर जिल्ह्या-जिल्ह्यात व्हीसी हॉल रोजच्या वापराचे झाले. आता ‘व्हीसीवर का नाही?’ हा पहिला प्रश्न असतो आणि तो रास्तही आहे. पाचशे पानांची माहिती वाचून दाखवायला कुणी दिल्लीला जाऊ नये. पण मूळ कागदपत्रे दाखवायची आहेत, सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणात शपथपत्रावर वकिलांशी बसून चर्चा करायची आहे, यंत्र हाताळून बघायचे आहे किंवा निवासी प्रशिक्षण आहे, तर तसे एका वाक्यात लिहून टाका.

दुसरा नाजूक मुद्दा माणसांच्या संख्येचा. एकाच्या कामाला तिघे निघाले की मान्यता देणारा बिचकतो, आणि त्याने बिचकलेच पाहिजे. विशेषतः ‘अभ्यासदौरा’ म्हटले की लोकांच्या भुवया उंचावतात, त्याला तसे कारणही आपल्याच काही संस्थांनी दिले आहे. तिघे खरोखरच लागत असतील तर प्रत्येकाच्या नावापुढे त्याचे काम लिहा. काम लिहिता येत नसेल, तर नाव खोडा.

पैशांचे कलम टिपणीत हटकून राहते. राज्याच्या अर्थसंकल्पात देशांतर्गत प्रवास खर्चाला 11 हा उद्दिष्ट क्रमांक आहे आणि अनुदान वाटपाच्या बीम्स या संगणक प्रणालीवर त्याखाली किती अनुदान शिल्लक आहे, हे आहरण व संवितरण अधिकाऱ्याचा लिपिक दोन मिनिटांत सांगतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते आधी विचारून घ्याच. मान्यता आहे पण अनुदान नाही, ही अवस्था सर्वांत त्रासाची. खर्च दुसरी संस्था करणार असेल, म्हणजे प्रशिक्षण संस्था राहण्या-जेवणाची सोय करणार असेल किंवा केंद्राच्या योजनेतून भाडे मिळणार असेल, तर तेही आधीच लिहा. एकाच जेवणाचे पैसे दोन ठिकाणी मागितले गेले की प्रकरण त्रुटीचे राहत नाही, शिस्तभंगाचे होते. भत्ता हा झालेल्या खर्चाची भरपाई म्हणून असतो, त्यातून कमाई होता कामा नये. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम, 2017 मधल्या नियम 21 मध्ये हे तत्त्व स्पष्ट मांडले आहे.

आता प्रवासाचे साधन. राज्याच्या कर्मचाऱ्याने एक लक्षात ठेवावे: दौऱ्याची मान्यता आणि विमानाची मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पात्रता नसताना विमानाने जायचे असेल, तर त्याची सवलत आधी आणि स्वतंत्रपणे मागावी लागते. ‘दौऱ्यास मान्यता’ या शब्दांत विमान आपोआप बसत नाही. ती न घेता गेलात, तर तुमच्या पात्र वर्गाच्या रेल्वेभाड्यापुरती भरपाई झाली तरी नशीब समजा.

केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी 13 जुलै 2017 च्या आदेशाने सातव्या वेतन आयोगाप्रमाणे पात्रता ठरली. वेतनस्तर 14 आणि वरचे विमानाच्या बिझनेस वर्गाने, 6 ते 13 इकॉनॉमीने जाऊ शकतात. 5 आणि खालच्यांना रेल्वेचा प्रथम वर्ग, थ्री-टियर एसी किंवा एसी चेअर कार. रेल्वेने जायचे तर 12 आणि वरच्यांना फर्स्ट एसी, 6 ते 11 ला टू-टियर एसी. दौऱ्यासाठी तत्काळचे जादा पैसेही मिळतात, हे अनेकांना ठाऊक नसते. एअर इंडिया टाटा समूहाकडे गेल्यानंतर तिच्याच विमानाने जाण्याची सक्ती संपली. पण तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या तिघांकडूनच काढायचे असते. जून 2022 च्या सूचनांप्रमाणे शक्यतो 21 दिवस आधी आणि निवडलेल्या वेळेतल्या सर्वांत स्वस्त भाड्याचे तिकीट काढायचे, एका टप्प्याला एकच तिकीट ठेवायचे. प्रवासाला 72 तासांपेक्षा कमी वेळ उरला असताना काढले किंवा 24 तासांच्या आत रद्द केले, तर स्वतःच्या सहीने कारण द्यायचे. याच सूचनांतली एक गोष्ट उपयोगाची आहे: दौऱ्याची मान्यता प्रक्रियेत असतानाच तिकीट काढता येते. म्हणजे नस्ती फिरते आहे म्हणून भाडे दुप्पट होऊ द्यायची गरज नाही, मात्र नस्ती खरोखर फिरत असली पाहिजे.

मुक्कामाबद्दल बोलायचे तर केंद्राच्या तक्त्यातले आकडे वाचून हसू येते. स्तर 6 ते 8 साठी हॉटेलची मूळ मर्यादा रोजची 750 रुपये आणि 5 व खालच्यांसाठी 450. महागाई भत्ता 50 टक्के झाल्यावर हे दर 25 टक्क्यांनी वाढण्याची तरतूद मूळ आदेशातच आहे आणि जानेवारी 2024 पासून महागाई भत्ता तिथे पोचला. तरी दिल्लीच्या पहाडगंजातसुद्धा त्या पैशांत बरी खोली शोधायला धीर लागतो. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद आणि पुणे या आठ ‘एक्स’ शहरांत स्तर 8 पर्यंतच्यांना मूळ मर्यादा 1,000 रुपये आहे, पण तिथे पावती लागते. इतर ठिकाणी स्तर 8 पर्यंतच्यांना पावतीची सक्ती नाही, स्वतःच्या प्रमाणपत्रावर भागते. त्या प्रमाणपत्रात कुठे आणि किती दिवस राहिलात हे स्पष्ट लिहावे लागते. जेवणाचीही बिले गोळा करू नका: ठरलेली एकठोक रक्कम मिळते, मुख्यालयाबाहेर 12 तासांपेक्षा जास्त असाल तर पूर्ण, 6 ते 12 तासांना 70 टक्के, त्याहून कमीला 30 टक्के, आणि मोजणी मध्यरात्र ते मध्यरात्र. म्हणून निघण्याची आणि परतण्याची वेळ तिकिटाशी जुळवून लिहा.

राज्याच्या माणसाला दिल्लीत महाराष्ट्र सदनाचा आधार आहे, कोपर्निकस मार्गावरचे जुने आणि कस्तुरबा गांधी मार्गावरचे नवे. खोलीची मागणी करताना दौऱ्याचा आदेश जोडा. नुसत्या फोनवर आणि ‘आपल्या गाववाल्यां’वर विसंबून स्थानकावर उतरू नका. खोली मिळाली नाही तर तसे लेखी किंवा ई-मेलवर घ्या. खासगी हॉटेलात का राहिलात याचे उत्तर त्या एका कागदात मिळते.

कोईमतूरच्या उदाहरणात मुद्दाम न लिहिलेली एक गोष्ट आहे. पुरवठादार म्हणेल, ‘साहेब, गाडी स्थानकावर येईल, हॉटेल आम्ही बघतो.’ ज्याचा माल पास की नापास हे तुम्ही ठरवणार, त्याच्या गाडीतून उतरू नये. निविदेतच तपासणीचा खर्च पुरवठादाराने करायचा अशी अट असेल, तर ती अट टिपणीत उद्धृत करा आणि मग त्या खर्चाचा भत्ता मागू नका. अट नसेल, तर आपली सोय आपण करा आणि पावत्या ठेवा. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 पाहुणचाराकडे कसे बघतात, हे एकदा वाचून घ्यायला हरकत नाही.

दौऱ्याला रजा जोडायची असेल तर ती लपवू नका. शुक्रवारी चेन्नईत काम संपले आणि शनिवार-रविवार महाबलीपुरम बघून यावेसे वाटले, यात पाप काही नाही. मुख्यालयाबाहेर राहण्याची परवानगी त्याच टिपणीत मागा, त्या दिवसांचा दैनिक भत्ता मागू नका, हॉटेलचे बिल वेगळे करा. कुटुंब बरोबर असेल तर त्यांचे तिकीट वेगळे आणि स्वतःच्या पैशाने. अडचण फिरण्याची नसते. शनिवारी ‘कार्यालयीन चर्चा’ दाखवण्याची असते.

पोलिसांची गोष्ट वेगळी. आरोपी परराज्यात असल्याची खबर रात्री दोनला आली तर नस्ती फिरवत बसता येत नाही. वरिष्ठांची तोंडी परवानगी घेऊन, ठाणे दैनंदिनीत नोंद करून पथक निघते आणि लेखी आदेश मागून येतो. मात्र ती नोंद निघण्यापूर्वीची हवी. तिथल्या ठाण्यात हजेरी, ट्रान्झिट रिमांडची प्रत हीच पुढे बिलाची जोडपत्रे होतात.

मान्यतेचा कागद फक्त पैशांसाठी लागतो, असेही समजू नका. दौऱ्यात अपघात झाला, तर माणूस कर्तव्यावर होता की नाही हे त्या एका आदेशावरून ठरते. घरच्यांना पुढे ज्या कचेऱ्यांत चकरा माराव्या लागतात, तिथे साहेबांचा तोंडी होकार कुणी पुरावा म्हणून घेत नाही. आदेशाची प्रत निघण्यापूर्वी घरी ठेवा, मोबाइलमध्येही ठेवा.

परत आल्यावर आळस करू नका. केंद्रात दौऱ्याचे बिल प्रवास संपल्यापासून 60 दिवसांत द्यावे लागते. पूर्वी वर्ष मिळायचे, मार्च 2018 मध्ये ती मुदत कमी केली. अग्रिम घेतला असेल तर हिशेब 15 दिवसांत. राज्यातही अग्रिमाचे समायोजन होईपर्यंत पुढचा अग्रिम मिळणे कठीण. बिलासोबत मान्यता आदेश, तिकिटे, विमान असेल तर बोर्डिंग पास, उपस्थितीचे पत्र आणि एक पानाचा दौरा अहवाल जोडा. हा अहवाल कुणी मागत नाही म्हणून कुणी लिहीत नाही. पण मुंबई किंवा नागपूरच्या महालेखापाल कार्यालयाचे पथक आले, किंवा कुणी माहिती अधिकारात दौऱ्याचे तपशील मागितले, की तोच कागद शोधला जातो. केंद्राने सप्टेंबर 2012 मध्येच मंत्री आणि सहसचिव व वरच्या अधिकाऱ्यांच्या दौऱ्यांची ठिकाणे, कालावधी, सोबतची माणसे आणि खर्च आपणहून जाहीर करायला सांगितले. तुमचे पद तेवढे मोठे नसेल, पण प्रश्न तेच चार असतात.

आणि गुरुवारी दुपारच्या त्या ई-मेलचे काय? सोमवारी बैठक आहे, मान्यता देणारे साहेब स्वतःच दौऱ्यावर आहेत, गाडी शनिवारी रात्रीची. अशा वेळी टिपणी गुरुवारीच, ई-ऑफिसवर टाका, म्हणजे तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते. ई-ऑफिस नसेल तर बारनिशीचा शिक्का घ्या. साहेबांना फोन करून तोंडी होकार घ्या आणि लगेच त्यांना ई-मेल करा: ‘आज सायंकाळी दूरध्वनीवर दिलेल्या मान्यतेनुसार मी शनिवारी मुख्यालय सोडत आहे, लेखी आदेशाची विनंती.’ त्यांच्या रजेच्या किंवा दौऱ्याच्या काळात कार्यभार कुणाकडे आहे ते बघा. ती व्यक्ती मंजुरीला सक्षम असेल तर नस्ती तिच्याकडे वळवा. कार्योत्तर मान्यता मागायची वेळ आलीच, तर परतल्याच्या दुसऱ्या दिवशी मागा आणि आधी का मिळू शकली नाही याचे कारण तारखांसह लिहा. टिपणीसोबत त्या गुरुवारच्या ई-मेलची प्रत जोडा.